विरजण

अकरा किलो दगड आले खोक्यातून,
कोरडे, पांढुरके, अंगभर भोकं,
हातात धरले तर वाळलेल्या हाडासारखे हलके.
कधीकाळी समुद्रात होते म्हणे.
आता धायरीत, तिसऱ्या मजल्यावर,
चपलांच्या रॅकशेजारी.

खडकवासल्याचं पाणी त्यांना चालत नाही.
श्रीनंदने चार दिवस आरओचं साठवलं,
पिंपात मीठ ओतून ढवळत बसला,
डोळ्याला नळी लावून बघितलं: पस्तीस.
मी बोट बुडवून चाखलं.
घाटाच्या इतकं वर,
खारट.

आता काहीतरी कुजायला हवं, तो म्हणाला.
मग गणेश पेठेत जाऊन मी एक कोळंबी मागितली.
हौसाबाईंची सुरी थांबली.
"एक?"
"एकच."
"मांजराला?"
"दगडाला."
त्या हसल्या नाहीत. "आमच्या म्हसोबालापण चालते," म्हणाल्या,
आणि पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर रोज संध्याकाळी
नळीत पाणी, पाण्यात थेंब, पाच मिनिटं धीर.
पिवळं म्हणजे काही नाही,
हिरवं म्हणजे विष.
सहाव्या दिवशी हिरवं झालं
आणि आम्ही पेढे आणायचेच बाकी ठेवले.

कुमुदमावशी आल्या तेव्हा
टाकीत दिवा होता, लाट होती, दगड होते.
चष्मा पुसून त्यांनी नीट पाहिलं.
"अजून काहीच नाही?"
आधी टाकीकडे बघून म्हणाल्या,
मग टाकीकडे न बघता.
"चालू आहे मावशी, दिसत नाही एवढंच."
"किती झाले?"
"सव्वीस दिवस," मी म्हणाले.
टाकीचे सांगितले.
त्यांनी चहा बशीत ओतला आणि विषय बदलला,
तो बदलायला त्यांना जरा जड गेलं.

मग जांभळं.
जांभळं, जांभळं, वहीभर जांभळं.
कंटाळून एके दिवशी मी तारखेपुढे "वांगं" लिहिलं.

गुरुवारी लाईट गेली.
पंप थांबला तशी टाकी एकदम गप्प झाली,
कुणीतरी बोलता बोलता उठून गेल्यासारखी.
श्रीनंद भोसरीला, पहिली पाळी.
मी वाटीने पाणी उपसून वरून सोडत राहिले,
उपसून, सोडून, पावणेदोन तास,
खांदा भरून आला,
आणि ज्यांना श्वास देत होते
ते मला कधीच दिसणार नव्हते.

कॅम्पातल्या बेहरामची टाकी अकरा वर्षांची.
त्याने ओल्या कागदात गुंडाळून
अक्रोडाएवढा तुकडा दिला, डब्यात, झाकण घट्ट.
"आणखी नको," म्हणाला, "दह्याला कुठे जास्त लागतं?"
ते मला ठाऊक आहे.
थंडीत पातेलं कणकेच्या डब्यात ठेवायचं,
हलवायचं नाही,
सारखं झाकण उघडून बघायचं नाही.
बसवर मांडीवर धरून आणला तो डबा,
स्वारगेटला एक जण जवळजवळ त्यावरच बसला.

एक्केचाळिसाव्या दिवशी नळी आकाशी.
मी उजेडात धरली, खिडकीत धरली, पुन्हा थेंब मोजले.
रात्रपाळीहून आलेल्याला हलवून उठवलं.
तो म्हणाला, "हं,"
आणि कूस बदलून झोपला,
पण पाय माझ्या पायावर टाकून.

आता दगडांवर तपकिरी साय धरली आहे,
गाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखी.
सुरुवात अशीच कळकट असते म्हणे.
पुसू नको, तो सांगतो. मी फडकं परत ठेवते.

काल रात्री पाणी प्यायला उठले,
टॉर्च मारला.
काचेवरून खसखशीएवढं पांढरं काहीतरी चाललं होतं,
थांबत, चालत, थांबत.
ते आम्ही आणलेलं नव्हतं.
त्याला नाव विचारायलाही कुणी जागं नव्हतं.

टॉर्च बंद केला.
अंधारात बसून राहिले थोडा वेळ, झाकण घातल्यासारखी,
पंप चालू आहे ना, एवढंच ऐकत.