पाच पाच करून

रात्री साडेनऊला, भांडी मशीनमध्ये लावून झाल्यावर
एका पाठकोऱ्या कागदावर मी मधोमध रेघ ओढली.
डावीकडे राहावं, उजवीकडे जावं.
कोलंबसच्या त्या काचेच्या इस्पितळाला
शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

बोटांना सवय गोळ्या मोजायची,
निळ्या तबकात, पातळ पट्टीनं, पाच पाच करून.
अकरा वर्षं झाली चिलिकॉथीत,
माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यात, खिडकी क्रमांक दोन.
वाटलं, हेही तसंच मोजून होईल.

पेन्शन. डावीकडे.
सरकारी सुट्ट्या, डावीकडे.
त्यातली एकही दिवाळीला येत नाही, ते असो.
पगार, उजवीकडे. वर्षाला एकतीस हजारांचा फरक.
शिरीषनं तो आकडा फ्रिजवर लिहून ठेवलाय,
काही न बोलता,
फक्त खाली दोन रेघा.

संगणक माझ्या लेकीपेक्षा वयानं मोठा,
दुपारी दोनला हमखास झोपतो. उजवीकडे.
भरती बंद आहे, चार खुर्च्या रिकाम्या,
चारांचं काम आम्हा तिघांत. उजवीकडे.
नोकरीवरून सहज कुणाला काढत नाहीत. डावीकडे.
मग खिडकी तीनचा रँडी आठवला,
भिंतीला डोकं टेकून पेंगणारा,
आणि तेच वाक्य मी उजवीकडेही लिहिलं.

बाबा सांगलीच्या सिव्हिलमध्ये कंपाउंडर होते.
सरकारी काम अन् सहा महिने थांब, लोक हसायचे.
बाबा पुडी बांधता बांधता म्हणायचे,
थांबतात ना पण?
दुसरीकडे त्यांना कोण उभं करतंय?
परवा फोनवर मी सगळं सविस्तर सांगितलं.
सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं,
तिकडच्या कॅन्टीनचा चहा कसा आहे?

आणि ऑर्विल हचिन्स. वय एकोणऐंशी.
रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या टपालानं घरी येतात,
तरी बत्तीस मैल गाडी हाकत खिडकीशी येतो.
मला मिस वॉलबी म्हणतो.
वाळिंबे, मी सांगून पाहिलं,
पण ळ काही त्याच्या जिभेवर टिकला नाही.
युद्धातून आठवडाभराच्या रजेवर सिडनीला पाठवलं होतं,
तिथं पाहिला होता म्हणे तो प्राणी,
लहानखुरा, आणि कुंपणापलीकडून टक लावून बघणारा.

एकदा तीन तास थांबावं लागलं
तेव्हा यानंच पाकीट काचेवर फेकून मारलं होतं.
मार्चमध्ये बोलता बोलता म्हणाला,
गुडघ्यासाठी शेजारणीच्या गोळ्या घेतोय हल्ली.
सहज म्हणाला, हवापाण्यासारखं.
मी खिडकी बंद केली, खुर्ची ओढली,
वीस मिनिटं त्याच्यासमोर बसले.
रांग कुरकुरली. वर कुणी हिशेब मागितला नाही.

कोलंबसच्या मुलाखतीत
एका हसऱ्या बाईनं सांगितलं, आमच्याकडे
एका पेशंटमागे सरासरी चार मिनिटं.
मी विचारलं, मोजतं कोण?
ती आणखी थोडी हसली.

हचिन्स कुठल्या रकान्यात घालू?
डावीकडे लिहिला, खोडला.
उजवीकडे तर तो बसेचना.
शेवटी रेघेवरच लिहिला,
ऑर्विल इकडे, हचिन्स तिकडे.

मोजून पाहिलं.
डावीकडे नऊ, उजवीकडे अकरा.
पुन्हा मोजलं, पाच पाच करून.
डावीकडे दहा.
तबकात असं झालं तर आम्ही
तिसऱ्या माणसाला बोलावतो.
तिसरा माणूस वर झोपला होता,
फ्रिजवर आकडा ठेवून.

पर्समध्ये कामावरची चिकटपट्टी सापडली,
नारिंगी, सूचनांची.
त्यातली एक सोलून
मी कोलंबसच्या पत्रावर नीट लावली,
कोपरे अंगठ्यानं दाबून.
रिकाम्या पोटी घेऊ नये.

मग आठवलं, आपण जेवलोच नाही.
भात गार झाला होता.
तसाच ताक घालून खाल्ला, उभ्या उभ्या.
आज अजून मंगळवारच आहे.