चादरींचं कपाट

कपाट माझं होतं.
चार फळ्या, खाली संत्र्याच्या सालींची पुरचुंडी,
दार लावलं की आतला अंधारसुद्धा घडी घातलेला.
एलेउतेरिओ निवृत्त झाला, आणि एका रविवारी
न विचारता चादरी खाटेखाली गेल्या.
कपाटात एक काळी पेटी आली,
मागोमाग वायरी, निळे दिवे,
आणि रात्रंदिवस एक घुरघुर,
शेजारच्या खोलीत कुणी जपमाळ ओढत बसल्यासारखी.

एर्मोसियोचा जुलै.
दुपारी कुत्रीसुद्धा सावली बदलायची तर आधी विचार करतात.
माझा पाकाचा थर्मामीटर कपाटात टांगून
त्याने आकडा वाचला : एक्कावन्न.
म्हणाला, आजारी पडेल.
माझ्या तापात
इतक्यांदा कपाळाला हात लावला नव्हता त्याने.

पहिला पंखा त्याने आत, फळीवरच ठेवला, दार बंद.
कढईत झारा फिरावा तसा तो
आतलंच आत ढवळत राहिला.
त्रेपन्न.

मी पीठ मळत होते. न वळता विचारलं,
चुलीवरचा धूर कुठून जातो?
वरून.
मग?
एकतीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढलेला माणूस
बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत राहिला.

मग करवत.
खाली, दाराच्या पायाशी वीतभर फट,
तिला जाळी, झुरळांसाठी.
वर, माझ्या मानेच्या उंचीला ताटलीएवढं भोक,
त्यात पंखा, तोंड बाहेर.
दोन दिवस जेवणात भुसा.
रात्री दहाला एकोणचाळीस.
नातवाचा पहिला दात दाखवावा
तसा त्याने मला थर्मामीटर दाखवला.

पण उष्णता काही मरत नाही,
बिऱ्हाड बदलते.
आता ती पॅसेजमध्ये असते, बरोबर फोनपाशी,
मी यादिराशी बोलायला उभी राहिले
की मानेवर श्वास टाकते.
आई, तुझ्या मागे कोण आहे?
तुझा बाप, मी सांगते. कपाटातून.

एकदा विचारलंच, आत आहे तरी काय एवढं?
त्याने लावून दाखवलं :
अंगणातल्या मापाच्या नळीत पडलेला पाऊस,
रोजचा, एकोणीस वर्षांचा, तारीखवार.
पडदा खाली खाली जात राहिला.
शून्य. शून्य. शून्य.
मधेच एक सात मिलिमीटर,
तिथे त्याचं बोट थांबलं,
जणू ते अजून ओलं असावं.
मग पुन्हा शून्य.

मी काही बोलले नाही.
झोपताना जाळीवरची धूळ तेवढी पुसली.

जानेवारीत पहाटे लाद्या पायाला चावतात.
तेव्हा मी भोकासमोर दोरी बांधते
आणि ओल्या चादरी त्या वाऱ्यावर टाकते.
हवा अडते, तो ओरडतो आतून.
अडू दे तासभर, मी म्हणते,
तुझी शून्यं कुठे वितळतायत.