पांढरी पाचच्या किंचित वर

होड्या झापांखाली गेल्या
की द्वारका गिरपला वेळ असतो.
एरवी पहाटेपासून ती वेंगुर्ल्याच्या जेटीवर लिलाव पुकारते,
इंजिनांच्या वर, वाऱ्याच्या वर,
सुरमईच्या वाट्याला एका दमात तीन भाव.

माझा स्टुडिओ जुन्या बर्फाच्या कारखान्यात.
भिंती दोन हात जाड, आत भुसा ठासलेला.
बाहेर जुलै कोसळत असतो
आणि आत आपल्या कानातलं रक्त ऐकू येतं.

कॉम्प्रेसर दोन.
एक लोखंडी पेटी, पंधरा किलोंची,
गोव्यातल्या बंद पडलेल्या स्टुडिओतून
एसटीत मांडीवर घेऊन आणलेली.
पोटात चार व्हॉल्व्ह, तोंडावर पिवळा मीटर, खाचांत बुरशी.
पावसाळाभर तिच्याशेजारी चाळीसचा बल्ब जळता ठेवतो,
बाळंतिणीच्या शेगडीसारखा.

दुसरा कॉम्प्युटरात. त्याला वजन नाही, वास नाही.
त्याला ओरडा यायच्या आधी ओरडा कळतो.
ठेंगण्या दाराशी सवयीने वाकणाऱ्या माणसासारखा
तो आधीच वाकलेला असतो.

पेटीचं कपाळ आधी चौकटीला लागतं,
मग ती चोळत बसते.
हात ठेवते तो हळूच, पण लवकर काढत नाही.
पुढचे दोन शब्दही त्या हाताखालूनच जातात.
जाणकार याला गुण म्हणतात.
मीही म्हणतो, गिऱ्हाइकासमोर.
माझे वडील असेच होते:
रडून झाल्यावर जवळ घ्यायचे,
मग ताट वाढलं तरी सोडायचे नाहीत.

"ह्यां काय करता?" द्वारकाने विचारलं.
आवाज दाबतं, म्हटलं. मोठा झाला की.
"माझो? घोवाक जमाक नाय तां."

पेटी भुणभुणत होती. दमट हवा, आर्थिंग कच्चं.
मी लाजून वायरी हलवू लागलो.
"ऱ्हवांदे," ती म्हणाली, "सूर बरो आसा."
आणि त्या भुणभुणीवरच तिने सा लावला.
मी हळूच हार्मोनियमवर ताडून बघितलं.
पांढरी पाचच्या किंचित वर.

बांगडे खारवताना तिची आई म्हणायची ते गाणं.
तिसऱ्या ओळीत 'दर्या' आला
आणि जेटीवरची तीस वर्षं एका काट्यावर पडली.
'द' तसाच सुटला, उघडा, धारेचा.
'र्या'वर पेटीचा हात आला,
आणि आवाज बसला,
टोपली उतरवून बाई बसते तसा.

मग पेटी बंद केली.
निवताना व्हॉल्व्ह टिकटिकत राहिले.
दुसऱ्यांदा गायली ती कॉम्प्युटरातून:
पाणसळ लावून बसवलेल्या लाद्यांसारखे शब्द,
एकही वर नाही, एकही खाली नाही,
'दर्या' लाल रेघेच्या अलीकडे शहाण्यासारखा उभा.

दोन्ही ऐकवले. खंयचो बरो?
तिने पदर पिळला, विचार केला.
"पयल्यात मी थकलंय.
दुसऱ्यात माका थकाक गावाक नाय."
मग उठत म्हणाली,
"पयसे कोण देता, तेका विचार."

पैसे पुण्याचे. पुण्याला स्वच्छ हवं होतं.
दुसरा टेक पाठवला.

चार दिवसांनी फोन.
आवाज उत्तम, तो म्हणाला, पण सूर कुठल्याच पट्टीत बसत नाही.
पाच नाही, काळी चार तर नाहीच.
आणि गंमत म्हणजे बाई हलतही नाहीत,
सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथेच.
थोडं खाली ओढून घेऊ का?

नको, म्हटलं.

"पण कशाला धरून गायल्यात त्या?"

मी पेटीकडे बघितलं. बल्ब चालू होता.
"बाहेरच्या विजेच्या खांबाला," मी म्हटलं.
त्याला तो विनोद वाटला.