गुडघा

मिरचीच्या हंगामात मी शास्त्र डाव्या हातानं उघडतो.
उजव्या हाताची आग तीनदा साबण लावूनही जात नाही.
तरी पानांच्या कडा लाल झाल्याच आहेत,
वजनमापाबद्दलच्या त्या एका वचनापाशी जास्त,
कारण तेच मी सारखं शोधतो
आणि सापडलं की पान उलटतो.

एकदा वाचता वाचता डोळे पुसले.
सलोमी म्हणाली, आज प्रभूनं गाठलं तुला.
नाही गं. हात धुतले नव्हते, एवढंच.

नंदुरबारच्या बाजारात मी मापाडी, एकवीस वर्षं.
गोणी काट्याला लटकते, मी तिला सावरतो,
असं दिसतं.
खरं तर खालून गुडघा टेकवतो, हलकेच.
दीड किलो. कधी दोन.
शेठ काही बोलत नाही,
दिवाळीचं पाकीट मात्र जाड असतं.

आणि रविवारी तोच गुडघा
मंडळीच्या थंड फरशीवर.
देवा, तुला कधी मिरचीचा ठसका लागला नाही?

जकात गोळा करणारा तो बुटका माणूस
उंबरावर चढला, उतरला
आणि लुबाडलेलं चौपट देईन म्हणाला.
आमच्या गावच्या वाटेवरही उंबर आहे.
त्याखाली बसून मी हिशेब केला:
एकवीस हंगाम, रोजच्या गोण्या, गुणिले चार.
कागद संपला. मुंग्या अंगावर चढल्या.
चौपट राहू दे, एकपट तरी?
एकपट राहू दे, एक माणूस तरी?

म्हणून माघातल्या एका सोमवारी
प्रकाशाच्या पुलावरून तापी ओलांडली,
पिशवीत चार किलो मिरची, वर दोनशे रुपये,
आणि पाठ केलेलं एक वाक्य.
धुरपताबाई अंगणात तुरी झोडपत होती.
वाक्य अर्ध्यात तुटलं.
म्हणालो, मावशी, मी तुझ्या मापात पाप केलं.

तिनं सुपातला खडा वेचून टाकला.
"माले ठावं व्हतं रे भाऊ.
म्हनीसन ते मी बी
गोणीवर पानी शिंपाडू."

आणि हसली. तोंडात दोनच दात.
मीही हसलो, थोडा सुटल्यासारखा:
चला, फिटलं. तिचं पाणी, माझा गुडघा,
बेरीज शून्य.

पुलावर परत आलो तेव्हा मात्र ते शून्य
खिशात जड लागत होतं.
मी मोडलं ते तिचं एकटीचं वजन नव्हतं.
माझ्यामुळे ती पाणी शिंपडायला शिकली,
तिच्यामुळे तिची सून शिकली असेल,
आणि बाजारभर आम्ही सगळे
एकमेकांना ओळखून, रामराम घालून,
खरं काय ते कुणालाच माहीत नसलेल्या
एका काट्याभोवती उभे.

नीतिमान कोण, हे वचन मला सांगत नाही.
ते फक्त विचारतं:
पाय कुठे आहे तुझा, आत्ता?

आज सकाळी पहिली गोणी लटकली.
मी वीतभर मागे सरकलो.
काटा थरथरला, मग थांबला.
शेठनं चष्म्यावरून पाहिलं, पेन टेकवलंच नाही.
शेतकरी दोनदा वाकून वाचतोय,
त्याला वाटतंय, आज नवीनच काही युक्ती आहे.

प्रभो, त्याला कसं सांगू?
दुसरी गोणी येतेय.
पाय सवयीनं उचलला जातोय.
तो धर.