राखलेली खुर्ची

नकाशा आधीच झाला होता.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, हिरव्या जेल पेननं:
तीन चंद्र, एक खारा डोंगर,
आणि डोंगराकडे चढत जाणारी नदी.
तिचं नाव सातदा खोडून शेवटी ‘कान्ह’च ठेवलेलं;
आपली तरी कुठल्या बाजूला वाहते, कुणाला कळतं?

राज्यं झाली, नाणी झाली, शिव्याही झाल्या.
‘धर्म राहिला,’ ओजू म्हणाली,
‘तो तू करून दे ना मावशी, माझ्याकडून नाही होत.’

एमवाय हॉस्पिटल, तिसरा मजला. सकाळचे साडेआठ.
आत यंत्राला जोडलेली तिची आई, चार तास.
आमच्या घरी देव्हारा नव्हता कधी.
वडील शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात
रेघ मारून यायचे, पट्टी लावून, सरळ.
आणि ही मला सांगते, धर्म कर.

सृष्टीपासून सुरुवात केली. अंडं फुटलं, समुद्र घुसळला.
‘हे सगळं होऊन गेलंय,’ ती म्हणाली.
मग सूर्यपूजक केले. पण तिच्या जगातला सूर्य दमेकरी,
आठवड्यातून दोनदाच उगवतो, तोही धापा टाकत.
त्याच्यावर कुणी भरवसा ठेवेना.

खालच्या गाडीवरून पोहे आणले, कागदात,
वर शेव, जिरावण, अर्धं लिंबू.
शेवटचा घास तिनं पुडीत बांधून ठेवला.
‘कुणासाठी गं?’
‘जो अजून आला नाही, त्याच्यासाठी.’
तिचे बाबा गेल्याला दोन दिवाळ्या झाल्या होत्या.
मी पुढे विचारलं नाही.

तिथून धर्म सुरू झाला.

देव एकच, आणि त्याला उशीर झालेला.
तो निघालाय. एवढंच शास्त्र.
उशीर का झाला यावर चार पंथ:
कुणी म्हणतात वाट चुकला, कुणी म्हणतात चप्पल तुटली,
तिसरे म्हणतात, वाटेत कुणाचं तरी ओझं धरून उभा आहे,
‘आलोच हं’ म्हणून गेलेला तो माणूस परतेपर्यंत.
चौथ्यांचं म्हणणं लिहायचं राहिलं, पेन संपलं.
देवळं नाहीत. पंगतीत एक पान रिकामं,
होडीत एक फळी.
पाप कोणतं, यावर बराच वेळ गेला.
खोटं, चोरी, राजाचा खूनसुद्धा तिनं माफ केला.
‘मोजणं,’ ती म्हणाली शेवटी.
‘किती झाले आणि किती राहिले. ते पाप.’
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसलो,
आम्ही दोघी, पहिल्या भाविक.

आणि खुर्ची राखली.
लोखंडी चार जोडखुर्च्यांतली शेवटची, तिच्यावर ओजूचं दप्तर.
‘कोई बैठा है क्या?’ लोक विचारत.
मी, जिनं कधी अंगारा कपाळाला लावला नाही,
सांगत होते, ‘हां, आ रहे हैं.’
सहा जणांना सांगितलं.
मोजले. तेही पाप.

अकराच्या सुमाराला देपालपूरकडचा एक म्हातारा आला,
पायाला बँडेज, हातात डबा, खांद्यावर एक्स-रेची पिशवी.
त्यानं विचारलंच नाही.
दप्तर उचलून मांडीवर घेतलं, बसला,
आणि ते तसंच कवटाळून झोपला.

ओजू माझ्या कानाशी आली. ‘हाच का?’
‘नसावा.’
‘नसावा म्हणजे?’
मला सांगता येईना.
‘हाच असेल तर धर्म संपला ना मावशी.
मग परत सगळं करावं लागेल.’
तिला नकाशा हवा होता; तो दप्तरात,
दप्तर त्याच्या मिठीत.
‘उठवू?’
‘नको.’

दार उघडलं. सिस्टरनं नाव पुकारलं,
आमचं नव्हतं.
म्हातारा घोरत होता, तोंड उघडं टाकून.
पुडीतली शेव एव्हाना नरम पडली असणार.
ती पुडी तिनं त्याच्या डब्यावर ठेवली
आणि उभीच राहिली भिंतीला टेकून,
घड्याळाकडे पाठ.