सातशे बारा नंबर

मार्सेलहून परत आलेल्या गठ्ठ्यात,
रंग सुटतो म्हणून नाकारलेल्या टॉवेलांच्या मधोमध,
एक कॅसेट निघाली.
शेठ म्हणाले, राजय्या, रंग न सोडलेली एवढीच दिसते. ने घरी.

कव्हरवर आखूड केसांची बाई, स्टुलावर,
मांडीवर गिटार, दुसऱ्याचं मूल
घटकाभर सांभाळायला घ्यावं तसं.
सोलांज व्हेरनी. नायनांना नाव जमेना.
अम्मा विड्या वळता वळता म्हणाली,
सोला ना? मग आपल्या सोलापूरचीच की.
तेव्हापासून ती सोलाबाई.

भारनियमनात दाजी पेठेतले माग
एका दमात गप्प व्हायचे,
कानात दडे बसल्यासारखं वाटायचं.
तेवढ्या दोन तासांत, सेलवर, सोलाबाई.
दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, पुन्हा, पुन्हा,
पेन्सिल घालून फीत मागे फिरवत.
नायना म्हणायचे, हे अंगाईचं आहे.
लेकरू निजत नाही, बाई थकलीये. ऐक.
मी ऐकायचे. थकवा खरा होता.

नायना जकार्डची कार्डं पाडायचे.
पुठ्ठ्यात भोक: धागा वर.
भोक नाही: राहू दे खाली.
आयुष्यभर एवढीच दोन अक्षरं.
त्या उन्हाळ्यात, चव्वेचाळीस डिग्रीत, बनियन पिळून पिळून,
त्यांनी ते गाणं पाडलं.
ती श्वास घेते तिथं कोरं,
आवाज चढतो तिथं भोकं दाट,
आणि शेवटी ती नुसतंच हं हं करते
तिथं काठ.
शेठना सांगितलं, नवीन फूल आहे.
शेठनी नंबर दिला, सातशे बारा.
गड्ड्याच्या जत्रेत चादर तुफान गेली.
अक्कलकोट, मंगळवेढा, पार इंडीपर्यंत
लोक तिच्या गाण्याखाली झोपले.
कुणाला पत्ता नाही. तिलाही नाही.

फ्रेंच शिकवणारं इथं कोण?
नायना गेल्यावर मी एक जुना शब्दकोश घेतला,
रोज रात्री एक ओळ, भाकऱ्या झाल्यावर.
तिची गोष्टही तशीच मिळाली, चिंध्या जोडाव्यात तशी.
लियोंच्या विणकरांच्या टेकडीवर जन्म,
आजोबा रेशमाच्या मागावर,
सोळाव्या वर्षी उसन्या बुटांत स्टेजवर.
गाणी दुसऱ्यांची, त्यांत तिनं कुणा पोरासाठी झुरायचं.
ती झुरली, लाखांनी खपली.
मग म्हणाली, आता मी लिहिते.
कंपनी म्हणाली, तू गा.
तिनं लिहिलं. तबकडी पडली.
बारा वर्षं एका शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलले.
पन्नाशीत परतली, आवाज दोन सूर खाली उतरलेला,
छोट्या हॉलमध्ये, खुर्च्या तिनंच मांडलेल्या.
गेल्या मार्चात वारली. बातमी चार ओळींची.

आणि ते गाणं?
अंगाई नव्हतीच.
साहेब, माझा हिशेब द्या, असं काहीसं आहे ते.
इतक्या तबकड्यांमागं इतके, म्हणाला होतात.
मी मोजल्यात. तुम्हीही मोजा.

अम्माला वाचून दाखवलं.
तिची बोटं सुपात. पान, तंबाखू, दोरा.
हजारामागं किती मिळायचे
आणि ठेकेदार छाटात किती काढायचा,
सगळं तिला अजून तोंडपाठ.
म्हणाली, मग नायनांचं काय चुकलं?
लेकरू निजत नाही तेव्हा
बाई दुसरं काय मोजत असते?

सातशे बारा आता कुठं निघत नाही.
कार्डं माळ्यावर आहेत, दोरीत ओवलेली.
काल एक उजेडात धरलं,
भोकांतून ऊन भिंतीवर पडलं.
उंदरांनी दोन-चार भोकं जास्तीची पाडलीत.
तिथं ती काय म्हणाली असती, कोण जाणे.