मराठीत सांगायचं तर

सिव्हिलमध्ये, एक्स-रेच्या खोलीसमोर
माझं टेबल. पाटी नाही.
विचारलं तर शिपाई सांगतो, "त्या वाचून दाखवणाऱ्या बाई ना?"
अकरा वर्षं झाली. डॉक्टर नाही मी,
सिस्टरही नाही. आधी नाशिकरोडला एका दवाखान्यात
केसपेपर लावायचे, तिथं अक्षर लागायला लागलं.

बहुतेकांना पहिल्यांदा एकच सांगावं लागतं:
निगेटिव्ह म्हणजे चांगलं.
सातपूरचा एक फिटर तरीही म्हणाला,
"मॅडम, जन्मभर ज्याला वाईट म्हणालो
त्याचे पेढे कसे वाटू?"
वाटले मात्र त्याने. मलाही दोन दिले.

अ‍ॅक्यूट म्हणजे न सांगता आलेला पाहुणा.
क्रॉनिक म्हणजे जो बॅग उघडतो
आणि आपल्या दांडीवर स्वतःचा टॉवेल वाळत घालतो.
हे माझं. वहीत आहे, पान नऊ.
हायपरटेन्शनला मी टेन्शन म्हणू देत नाही.
"मला कशाचंच टेन्शन नाही हो" म्हणत
गोळ्या बंद केलेली माणसं
स्ट्रेचरवरून परत आलेली बघितलीत.
नळीत जोर जास्त, बस.
गच्चीवरची टाकी भरली की
तळमजल्याची तोटी कशी अंगावर येते, तसं.

तांबट आळीतले वडनेरेकाका आले.
एक कान गेलेला, दुसरा हातोडीनं अर्धा खाल्लेला.
कागदावर: एट्रियल फिब्रिलेशन.
मी ओरडून सांगू लागले,
हृदयाचे वरचे कप्पे, थरथर, विजेचा गोंधळ.
रांगेतल्या सगळ्यांना कळलं, काकांना नाही.
शेवटी टेबलावर बोटानं वाजवलं:
टक, टकटक,
टक
टकटकटक, टक.
त्यांनी तळहात टेबलावर टेकवला,
लाकडातून ऐकलं, आणि हसले.
"नवं पोरगं बसवलंय आत. हात बसला नाही त्याचा.
असा हंडा आम्ही मोडीत काढतो."
मग जरा थांबून,
"हा काढता येत नाही, नाही का?"
पान एकवीस.

इडिओपॅथिकनं मला फार दिवस दमवलं.
नव्या मृण्मयी डॉक्टरांना गाठून विचारलं.
त्यांनी इकडेतिकडे बघितलं, हळूच म्हणाल्या,
"कारण माहीत नाही."
एवढंच?
"एवढंच."
केवढा कोट, आणि आत किती किरकोळ माणूस.
तेव्हापासून तो शब्द मी
जरा मायेनंच वाचते.

काल पेठकडच्या हौशीबाई भोये.
नवरा खाली वॉर्डात, फाइल पदराखाली,
पाऊस नसतानाही भिजू नये अशी धरलेली.
पॅलिएटिव्ह.
या शब्दाला माझ्या वहीत सात ओळी आहेत,
सातही खोडलेल्या.
मी म्हटलं, आता उपचार म्हणजे... त्रास कमी कसा...
म्हणजे आपण असं बघू की...
त्या माझ्याकडे बघत राहिल्या,
पाढ्यात अडलेल्या पोरीकडे बघावं तसं.
"बरं व्हायचं नाही," त्या म्हणाल्या,
"बरं वाटू द्यायचं. असंच ना?"

मी हो म्हटलं की नुसती मान हलवली, आठवत नाही.
"बरं," म्हणाल्या.
गोळी भाताआधी की नंतर,
एसटीत आडवं करून नेलं तर चालेल का,
पेठची गाडी किती वाजता.
पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली.
गाडीचं शिपायाला विचारलं, दोन चाळीस म्हणाला.
तोवर त्या जिना उतरल्या होत्या.

सात ओळींखाली आठवी लिहिली.
आधीच्या पेन्सिलनं होत्या. ही पेनानं.
पुढे कंसात त्यांचं नाव,
आणि गाडीची वेळ, उगीच.